मोतीबिंदू आणि दोन कार्बोरेटर

आबांना मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनला जायचं तर ते स्वतःच्या गाडीतूनच जाणार होते. ही अट ऐकून धुळ्याचे डॉक्टर फोनवर हसले. ते आबांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे चिरंजीव, म्हणून आबांचा विश्वास फक्त त्यांच्यावर. मला मात्र हसू आलं नाही. ती गाडी चालू ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

आबा म्हणजे माझे वडील. अमळनेरला त्यांचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, डिझेल इंजिनं, तेलाच्या गिरणीतली यंत्रं, जे येईल ते ते दुरुस्त करायचे. त्याच गिरणीच्या मालकांकडे ही विलायती गाडी होती. दोनच सीटा, कापडी छत मागे दुमडून ठेवायचं, आणि उंची इतकी कमी की आत बसताना माणूस धपकन बसतो आणि उठताना कुणाचा तरी हात शोधतो. मालक म्हातारपणी मुलांकडे परदेशी गेले तेव्हा चावी आबांच्या हातात देऊन म्हणाले, "तुमच्याशिवाय हिचं कोण करणार?" आई गेल्यावर मी आबांना जळगावला माझ्या घरी आणलं. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली आणि टेम्पोत चढवून ही गाडी.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लहानपण गॅरेजमध्ये गेल्यामुळे मला पाना धरता येतो. गाडीच्या बाबतीत माझी पात्रता तेवढीच. त्यात हिचे नट इंचाचे आणि इथे दुकानात मिळणारे पाने मिलिमीटरचे. एक सैल होतो, दुसरा बसतच नाही. सुटे भाग परदेशातून मागवायचे, दीड महिना वाट पाहायची आणि पुडकं उघडावं तर डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूचा भाग. हे सगळं मी सात वर्षं सहन केलं. पण त्या उन्हाळ्यात तिला जी खोड जडली, तिने माझा जीव खाल्ला.

अंगणात गाडी तासभर शहाण्यासारखी चालायची. हायवेला काढली की वीस-पंचवीस मिनिटांत आचके देत बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

"कार्बोरेटरनाच रोग शे हाऊ," आबांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या आपल्या अमळनेरी बोलीत निकाल दिला.

पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्बोरेटर हिला दोन. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. ते तपासायला आबा रबरी नळीचं एक टोक कानात धरत आणि दुसरं मी आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी न्यायचं. डोळ्यांनी त्यांना माझा चेहरासुद्धा धूसर दिसत होता, पण फुसफुशीतला केसाएवढा फरक बरोबर ऐकू यायचा. "डावा जास्ती वढस. आजून फिरव. नही, तितला नही, तू ऐकसच नही!" महिन्याभरात मी ते दोन्ही चार वेळा उघडले, धुतले, बसवले. बंद पडायची ती पडतच राहिली.

माझा संशय पेट्रोलच्या पंपावर होता. तो विजेवर चालतो आणि पेट्रोल ढकलताना टकटक आवाज करतो. गाडी बंद पडली की ही टकटकही थांबायची. मी म्हटलं, पंपाला वीज पोचत नाहीये. सगळ्या वायरी बदलल्या, शेवटी पंपही नवा मागवला. तोसुद्धा तस्साच गप्प व्हायचा.

"मी सांगी राहिनू, कार्बोरेटर भरेल शेतस म्हनीसन पंप थांबस," आबा म्हणाले.

"भरलेले असते तर गाडी बंद कशाला पडली असती, आबा?"

यावर ते पाणी मागत.

ऑपरेशनची पहिली तारीख तिने बांभोरीच्या पुलाजवळ घालवली, दुसरी एरंडोलला. एरंडोलला तिला टेम्पोवर चढवताना लोक जवळ येऊन फोटो काढत होते. एकाने मला बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत मी मध्ये येत होते. घामाने चिंब होऊन घरी आले आणि मी आबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"पुढच्या वेळी माझ्या गाडीतून जायचं. एसी आहे, बंद पडत नाही. डोळे जातील तुमचे, कळतंय का?"

आबा हाताची बोटं एकमेकांवर घासत बसले. मग म्हणाले, "आनि आपरेशनमांच डोया गयात तर? मंग ती माले कधी दिसी? येक डाव तिनामां बसीसन जाऊ दे ना."

म्हणजे हा हट्ट नव्हता. माणूस घाबरला होता, आणि ते सांगायला त्याने चार महिने घेतले होते. मला जास्तच राग आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गाडीखाली शिरले.

तिसरी तारीख ऑगस्टमधली. पहाटे साडेपाचला निघालो. आबांनी छत उघडंच ठेवायला लावलं आणि कानांना मफलर गुंडाळला. वीस मिनिटं गाडी चालवायची, दहा मिनिटं थांबायचं, असं मी वेळापत्रकच केलं होतं. पारोळ्यापर्यंत ते चाललं. पुढे ऊन चढलं आणि मुकटी गावाच्या अलीकडे ती आचके देऊन थांबली. मी बॉनेट उघडून नुसती उभी राहिले. खरं सांगायचं तर रडू येत होतं.

शेजारच्या कपाशीत एक शेतकरी पाठीवर पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप घेऊन फवारत होता. पंप बंद करून तो बांधावर आला. आधी गाडीकडे पाहिलं, मग आबांकडे.

"काय व्हयनं, नाना?"

"कार्बोरेटर," आबा म्हणाले.

"पंप," मी म्हणाले.

त्याने दोघांचंही ऐकून घेतलं आणि विचारलं, "थंडी व्हयनी की चालस का?"

"चालते."

"मंग पाईप पहा, ताई. मन्हा फवारानं आसंच व्हयेल व्हतं. आतेना पेट्रोलमां ते इथेनॉल राहस. जुनं रबर आतून फुगस."

कार्बोरेटरकडे जाणारी वीतभर लांबीची रबरी नळी मी रोज पाहत होते. बाहेरून ती काळीभोर, नव्यासारखी होती. ती काढली आणि आभाळाकडे धरून आत पाहिलं. उजेडाचा ठिपकासुद्धा नाही. आतलं रबर फुगून मऊ पडलं होतं. गरम झालं की भोक पुरतं मिटायचं, थंड झालं की किलकिलं व्हायचं. अंगणात इंजिनला पेट्रोल लागतंच किती, तेवढं झिरपत राहायचं. आणि पुढची वाट बंद म्हणून बिचारा पंप थांबायचा.

आबांनी हात पुढे केला. मी नळी दिली. त्यांनी ती डोळ्याला लावली.

"माले काही दिसस नही."

"कोणालाच दिसत नाही, आबा."

 पन्नास वर्षं गॅरेज चालवलेला मेकॅनिक आणि फिजिक्सची मास्तरीण, दोघंही माना खाली घालून हायवेच्या कडेला उभे. त्या भल्या माणसाने शेतातल्या शेडमधून मोटारसायकलच्या पेट्रोलची नवी नळी आणली, चाकूने मापात कापली आणि दोन्ही टोकांना तार आवळून दिली. आबांनी त्याला विचारलं, "गॅरेज शे का तुन्हं?" तो म्हणाला, "नही नाना, कपाशी शे." आणि पुन्हा पंप पाठीवर घेऊन ओळीत शिरला.

धुळ्यापर्यंत ती एकदाही थांबली नाही.  दवाखान्याशी उतरताना आबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मीही घाई केली नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आबांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुन्हा केस इतला पिकी गयात?" काळा चष्मा लावून मी त्यांना बाहेर आणलं. डॉक्टरांनी चष्मा काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. गाडीपाशी येताच त्यांनी तो कपाळावर सरकवला.

गाडीभोवती ते एक पूर्ण चक्कर मारून आले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल.

"हाऊ दरवाजा कोनी रंगाडा?"

"मीच. मागच्या वर्षी. गंज चढला होता."

"दरवाजाना लाल येगळा शे, बॉनेटना येगळा शे. तुले दिसस नही का?"

"आबा, चष्मा खाली करा."

"आनि हाई काय? ब्रशना केस चिकटेल शेतस आठे!"

परतीच्या वाटेवर एरंडोल येईपर्यंत ते माझ्या रंगकामावर बोलत होते. दुसऱ्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. त्याआधी आख्खी गाडी खरवडून नव्याने रंगवायची, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. खरवडायला पॉलिश पेपरचा गठ्ठा आणून त्यांनी माझ्या वह्या तपासायच्या टेबलावर ठेवला आहे. मी तो उचलून खाली ठेवते. संध्याकाळी कॉलेजातून येऊन पाहते तर पुन्हा टेबलावर.