महानंदाबाईंचा हलका हात

बोलता बोलतासुद्धा महानंदाबाईंचा डावा हात हलायचा, जणू पुढ्यात पेटी आहे आणि भाता चालूच आहे. लातुरात आमच्या गल्लीतल्या मठात दर सोमवारी भजन असे. त्यांची थोरली बहीण अक्का गायची आणि पेटीवर बाई. मलाही पेटी त्यांनीच शिकवली. पुढे मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवू लागलो, तेव्हा म्हणाल्या, "पोटासाठी वाजीव. पर कान इकू नको."

मग त्यांचा खांदा आखडला, भाता ओढवेना. मंडळी उदगीरहून दुसरा पेटीवाला आणायचं बोलू लागली. अक्कानं सांगून टाकलं, "ती न्हाई तर मी बी न्हाई." बाईंनी लगेच मला हाक मारली. "तुझ्या त्या डब्याला भाता नसतो म्हणं. आण बघू."

मी कीबोर्ड लॅपटॉपला जोडला, पेटीचा आवाज लावला. पण बाईंचं बोट पेटीवर मुरलेलं. पट्टीला नुसतं टेकवायचं, जोर सगळा भात्याचा. कीबोर्डवर मात्र बोट जितक्या झटक्यानं पडेल तितका आवाज मोठा. त्यामुळे त्यांचे सूर तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखे येत. मी अक्कल लढवली. बोट कसंही पडो, आवाज सारखाच मोठा येईल, असं करून दिलं.

दोन ओळींत त्या थांबल्या. "काय करायलास रे? अक्काचा आवाज किती बारीक झालाय! तिच्या डोक्यावर हा भोंगा वाजवू का मी?"

"मग बोटांना नवं वळण लावावं लागेल, बाई. आता या वयात..."

"वय ऱ्हाऊ दे. बोटं माझी हाईत."

मग रोज दुपारी आमची झटापट. बोटाच्या किती जोराला किती आवाज, हे ठरवणारी लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ मी जराशी वाकवायची, त्यांनी एकच सूर लहान-मोठा करून पाहायचा. "अजून. पार हळू दाबलं तर पार हळूच यायला पायजे." मी वैतागून तोंड चुकवलं, तर ओट्यावरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक. ती रेघ आणि ती बोटं जुळेपर्यंत बाईंनी मला सोडलं नाही.

त्या सोमवारी अक्का दमून श्वास घ्यायला थांबली की पेटी मोकळी वाजायची, तिनं ओळ उचलली की खाली बसायची. कित्येक महिन्यांनी अक्काचा शब्द न् शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

भजन संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का गाताना तुमची पेटी तर ऐकूच येईना, बाई!"

मी उसळून उत्तर द्यायला वळलो. बाईंनी माझा हात दाबून खाली बसवलं. "गप. त्याच्यासाठीच तर एवढं केलं."