तीन वेळा मागे गेलेला हात

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढचं मी कोणत्या तोंडाने सांगतोय ते कळेल. मी माधव. वय त्रेचाळीस. मूळ गाव जळकोट तालुक्यात, आता राहायला नांदेडला. सतरा वर्षं फौजेत होतो, पॅराशूटवाल्या तुकडीत. भूत, करणी, उतारा, अंगात येणं... या सगळ्याची मी जन्मभर टिंगल केली. आई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आली की मी घरातून उठून जायचो. या सदरातले अनुभव मी चहासोबत बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो. आज त्याच जागी स्वतः लिहायला बसलोय, आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय.

फौजेतून आल्यावर मी एका कंपनीत इन्स्ट्रक्टर म्हणून लागलो. ही कंपनी हौशी लोकांना विमानातून उड्या मारायला शिकवते. दर हिवाळ्यात लातूरच्या बाहेर एका छोट्या धावपट्टीवर आमचा तीन आठवड्यांचा कॅम्प असायचा. चहूकडे तुरी आणि हरभरा, मध्ये आमचे तंबू.

विंगसूट सगळ्यांना माहीत नसेल, म्हणून थोडक्यात. अंगभर एकच पोशाख, हातापासून कमरेपर्यंत आणि दोन पायांच्या मध्ये दुहेरी कापड. उडी मारली की त्यात हवा भरते आणि माणूस नुसता खाली न पडता पुढे पुढे तरंगत जातो. शेवटी पॅराशूट मात्र आपल्याच हाताने उघडायचं. त्याची मूठ पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या अंगाला असते. ती दिसत नाही, हात मागे नेऊन चाचपून धरावी लागते. म्हणून अनोळखी सूट घातला की एक नियम पक्का — वर भरपूर उंची असतानाच तीनदा हात मागे न्यायचा आणि मुठीला नुसता स्पर्श करून बघायचा. ओढायची नाही. हात पोचतो का, एवढंच बघायचं. हा नियम मी कितीतरी लोकांना घसा बसेपर्यंत शिकवलाय.

आता गफूरचाचा. उदगीरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टेलरिंगचं दुकान. माझी शाळेची खाकी हाफपँट त्यांनीच शिवलेली. कॅम्पमधले फाटके सूट मी दुरुस्तीला त्यांच्याकडे नेऊ लागलो, आणि ते काम असं करायचे की फाटलं कुठे होतं ते शोधूनही सापडू नये. एक दिवस त्यांनी एक जुना, बाद झालेला विंगसूट मागून घेतला. सगळा उसवला. महिनाभराने मला म्हणाले, "हे मी शिवतो, माधवराव. कापड तेवढं आणून द्या. लई अवघड न्हाई."

आमचे मालक पुण्याचे. त्यांना कल्पना आवडली. कापड त्यांनी मागवून दिलं आणि शब्द दिला की माझ्या टेस्टच्या उडीत सूट पास झाला तर इथून पुढे कंपनीचे सगळे सूट उदगीरला शिवले जातील. चाचांसाठी ही केवढी गोष्ट होती ते मला चांगलं माहीत होतं. रेडिमेडने त्यांचा धंदा बसवला होता. साड्यांना फॉल-पिको आणि पँटी आखूड करणं, एवढंच उरलं होतं. सूट तयार झाला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कॉलरच्या आतल्या बाजूला दुकानाचं नाव आणि खाली 'उदगीर' असं भरतकाम केलं होतं.

आणि मी? मी मनातल्या मनात म्हणत होतो, ह्यॅ! शाळेचे गणवेश शिवणाऱ्या माणसाचा सूट... त्याला काय टेस्ट करायचं? परदेशी सूट घालून मी फुशारलो होतो. आपल्याच भागातल्या माणसाने काही चांगलं केलं की आपल्याला आधी ते खोटं वाटतं, त्यातला प्रकार. टेस्टचा एक फॉर्म असतो, उडीनंतर भरायचा. तो मी उडीच्या दिवशी सकाळी चहा पितानाच भरून टाकला. सगळ्या रकान्यांत 'ओके'. 'तीन स्पर्श केले का' या रकान्यात 'केले'. खाली सही. हाताळणीबद्दलचा शेरा तेवढा कोरा ठेवला, म्हणजे वाचणाऱ्याला नंतर लिहिल्यासारखं वाटावं.

चाचा पहाटेच्या एसटीने उदगीरहून आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला टोचलेली दोऱ्यासकट सुई. मला सूट चढवताना ते काहीतरी समजावून सांगत होते, पण तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. त्याच्याकडे लग्न होतं, मांडववाल्याने ऐनवेळी घोळ घातला होता. मी कानाला फोन लावून चाचांकडे बघत मान हलवत राहिलो. ते काय बोलले त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही.

बारा हजार फुटांवरून उडी मारली. सूट उघडला आणि... काय सांगू! इतका सरळ, इतका शांत सूट मी त्याआधी घातला नव्हता. मला आठवतं, डोक्यात आलं — तीन स्पर्श. आणि मी स्वतःला म्हणालो, राहू दे. हात मागे घेतला की तरंगणं तुटतं, उंची जाते, आणि खाली मालक पाहुणे घेऊन उभे होते. मला लांब पल्ला मारून दाखवायचा होता. पूर्ण वेळ दोन्ही हात पसरून उडालो. हे मी आईची शपथ घेऊन सांगू शकतो.

पाच हजार फुटांवर मूठ धरायला हात मागे नेला. माझ्या जुन्या सूटमध्ये जिथे मूठ सापडते, तिथे कापडाची घडी हाताला आली. पुन्हा चाचपलं, पुन्हा घडीच. मी घाबरलो. शरीर वाकडं झालं, सूट कोलमडला आणि मी गरगरत खाली जाऊ लागलो. किती वेळ गेला माहीत नाही. ठरावीक उंचीखाली माणूस तसाच पडत राहिला तर दुसरं पॅराशूट आपोआप उघडणारं एक यंत्र पाठीवर असतं. त्या यंत्राने मला वाचवलं. इन्स्ट्रक्टर माणसाला यंत्राने वाचवणं म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापल्यासारखंच.

मी उभ्या तुरीत जाऊन पडलो. एक बाई विळा हातात धरून धावत आली. "आगं बया, जित्ता हाय का रं बाबा?" असं विचारून तिने मला कळशीतलं पाणी दिलं. तिच्या मागून चाचा आले. साठीचा माणूस, ढेकळांतून धापा टाकत पळत आलेला. त्यांनी माझे हातपाय दाबून बघितले, डोक्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मागोमाग जीपमधून मालक आले आणि त्यांनी विचारलं, "माधव, झालं काय?"

आणि मी म्हणालो, "सूट ढिला आहे. वर तीन स्पर्श केले तेव्हा मूठ नीट सापडली. खऱ्या वेळेला कापड फुगून मुठीवर आलं. कटिंग चुकलंय."

एका दमात. अडखळलोसुद्धा नाही.

तंबूत पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की माझ्या बुटावर कॅमेरा आहे. पायाकडून पाठ दिसावी, सूट कसा वागतो ते कळावं, म्हणून मीच तो लावला होता. मालकांनी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. आता एका मिनिटात सगळ्यांना कळणार होतं की या माणसाने हात मागे नेलाच नाही.

व्हिडिओ सुरू झाला. विमानाचं दार... उडी... सूट फुगला. आणि माझा उजवा हात मागे गेला.

पंख मिटला, हात सावकाश कमरेवर आला, अंगठा शिवणीवरून खाली सरकला, दोन बोटं मुठीला टेकली, हात परत पसरला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मूठ पहिल्या झटक्यात सापडलेली. माझाच हातमोजा, माझीच बाही.

"परफेक्ट," मालक म्हणाले. "तू सगळं नियमाप्रमाणे केलंस."

मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती ना? वाटली नाही. मला हायसं वाटलं. सुटलो, एवढंच मनात आलं. या सगळ्या प्रकारात मला कशाची लाज वाटत असेल तर त्या हायसं वाटण्याची.

भीती नंतर आली, चाचा बोलल्यावर. ते स्क्रीनकडे वाकून बघत होते. म्हणाले, "म्या सांगितलं तसंच केलं की तुम्ही. पायपिंगवर अंगठा ठेवून."

"कसलं पायपिंग?" मी विचारलं.

"कमरंच्या शिवणीला बारीक दोरी घातली हाय न्हाई का... अंगठ्याला लागावी म्हणून. तिला धरून खाली आलं की हात सरळ मुठीवर जातो. सकाळी सांगितलं की. तुम्ही फोनवर होता, पर मान हलवत होता."

मी सूटला हात लावून पाहिलं. खरंच होतं. तांदळाच्या दाण्याएवढी जाड दोरी, कापडाच्या आत शिवलेली, बरोबर मुठीपर्यंत गेलेली. मला तिचा पत्ताच नव्हता. चौथ्या वेळचा हात, म्हणजे खरी मूठ शोधणारा, व्हिडिओत त्या शिवणीच्या कुठल्या कुठे वर धडपडत होता. तो माझा होता, तो मी ओळखला. आधीचे तीन कोणाचे?

मालकांना त्यातून एकच अर्थ दिसला. तीनदा हात बरोबर पोचला, चौथ्यांदा नाही, म्हणजे दोष सूटचा. चाचांनी वाद घातला नाही. "गलती माझीच असंल, साहेब," एवढंच म्हणाले. मी तिथेच बोलायला हवं होतं. चाचा समोर उभे होते, सूट माझ्या मांडीवर होता, तोंड उघडायचाच काय तो अवकाश होता. मी फॉर्म पुढे ओढला आणि कोऱ्या ठेवलेल्या शेऱ्यात लिहिलं — 'वापरण्यास अयोग्य'.

त्या रात्री तंबूत मी उंचीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रातली रेघ काढून बघितली. हात मागे गेला की उंची पटकन पडते आणि रेघेत खाच दिसते. तीन खाचा दिसायला हव्या होत्या. एकही नव्हती. पाच हजार फुटांपर्यंत रेघ गुळगुळीत. म्हणजे माझी आठवण खरी, आणि व्हिडिओही समोर दिसतोय... दोन्ही एकाच उडीचे. कॅमेऱ्यातलं जाणणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मी व्हिडिओ दाखवला. त्यात काही जोडलेलं, बदललेलं नाही म्हणाला. रेघेबद्दल म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. एका डॉक्टर मित्राने सांगितलं की धक्क्याने माणूस केलेलं विसरतो. विसरतो, मान्य. पण न ऐकलेलं करतो कसा?

कबुली द्यायला मला आठ महिने लागले. मध्ये नोकरी सोडली, बायकोला कारण सांगितलं नाही. शेवटी एका दुपारी नांदेडहून निघालो, जळकोटला घरीसुद्धा थांबलो नाही, सरळ उदगीर गाठलं. चाचा दुकानात होते. मशीन कापड टाकून झाकलेलं. कोपऱ्यात तो सूट, सगळा उसवलेला, एकेक तुकडा घडी करून ठेवलेला.

मी काही न लपवता सगळं सांगितलं. स्पर्श केलेच नव्हते, तुमचं बोलणं ऐकलं नव्हतं, फॉर्म आधीच भरला होता, तुमच्या सूटमध्ये काडीचा दोष नव्हता. चाचा ऐकून घेत होते. मग हसले... समजूत घालताना हसतात तसं.

"माधवराव, मला बरं वाटावं म्हणून एवढं बोलू नका."

"चाचा, खरं सांगतोय."

"खरं कसं? म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं की. तीनदा तुमचा हात गेला. तुम्ही चोख काम केलं." ते उठले आणि त्या घड्यांमधला एक तुकडा माझ्यापुढे धरला. "हे बघा. एक एक टाका उसवून बघितला. इथं पाव इंच जास्तीचं कापड राहिलंय. सापडली गलती. तुमचा जीव गेला असता तर खुदाला काय तोंड दाखवलं असतं म्या?"

पाव इंचाने काही होत नाही. मी सांगितलं, पुन्हा सांगितलं. रेघेचा कागद दाखवला. "ते रेघाचं मला काय कळतंय," म्हणाले. मी मोबाईलवर व्हिडिओ लावला, वाटलं त्यातच काहीतरी दाखवता येईल. तो हात पुन्हा तीनदा मागे गेला, सावकाश, नीट, आणि चाचा दर वेळी मान डोलवत राहिले. माझं खोटं मी हजार वेळा मागे घेतलं असतं. पण मी करायला हवं होतं ते सगळं त्या व्हिडिओत झालेलं होतं, आणि चाचांचा विश्वास त्याच्यावर होता.

तेवढ्यात एक बाई पायरी चढून आली. दिवस भरत आलेले. पिशवीतून जाड सुती कापड काढून म्हणाली, "चाचा, पाळण्याची झोळी शिवून द्या की."

चाचांनी कापडाला हातसुद्धा लावला नाही. "दुसरीकडं जा, ताई. ज्याच्यात माणसाचा जीव राहतो, असलं काय बी म्या शिवत न्हाई आता."

तो हात कोणाचा होता, मला आजही माहीत नाही. माझा म्हणावा तर मला आठवत नाही, दुसऱ्या कोणाचा म्हणावा तर त्याने माझं खोटंच का सावरून घेतलं, तेही कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मात्र एक गोष्ट वर लिहायची राहिली, ती लिहितो आणि थांबतो. मी दुकानातून निघालो तेव्हा ती बाई खाली रस्त्यावर उभी होती. मला म्हणाली, "दादा, तुम्ही त्यांच्या वळखीचे दिसता. माझ्या पहिल्या लेकराची झोळी ह्यांनीच शिवली होती. काय झालं हो चाचाला?"

मी म्हणालो, "काय माहीत, ताई," आणि गाडीला किक मारली.