ऋचाच्या पुढे स्की करताना

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. बर्फ पडला की दयाळू माणसं घराबाहेर पडतात, बाकीचं सगळं तीच करतात.

मी मूळची नागपूरची. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि गेले नऊ हिवाळे अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या आमच्या क्लबात अपंग खेळाडूंना क्रॉस-कंट्री स्कीइंग शिकवते. शिवाय ऋचाची गाइड. ऋचा बावीस वर्षांची, जन्मांध, इथेच वाढलेली. मी कमरेला स्पीकर बांधून पुढे स्की करायची, "डावं वळण, चढ, उतार" असं ओरडत. ती माझ्या आवाजामागे यायची. यंदा तिला स्टेट टीममध्ये जायचं होतं. त्यासाठी फेब्रुवारीतल्या एकाच रेसमध्ये पाच किलोमीटर ठरलेल्या वेळेत मारायचे होते. सगळा सीझन तिच्या डोक्यात तेवढंच. लोकांच्या डोक्यात मात्र भलतंच.

*

सरावाच्या ठिकाणी कॉफी वाटणारे एक गृहस्थ होते. ऋचा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी. तरी त्यांनी मला विचारलं, "हिला कॉफी चालेल का?"

ऋचा मला म्हणाली, "मावशी, टेल हिम, शी टेक्स इट ब्लॅक. आणि शी कॅन हिअर."

गृहस्थांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि कप माझ्या हातात दिला!

*

डेल हा आमच्या क्लबातला सगळ्यात तापट माणूस. कमरेखाली त्याला हालचाल नाही, म्हणून तो दोन स्कींवर बसवलेल्या खुर्चीत बसून काठ्यांनी स्वतःला ढकलत जातो. डिसेंबरच्या रेसमध्ये तो तिसरा चालला होता. शेवटच्या चढावर एका प्रेक्षकाला राहवलं नाही. दोरी ओलांडून तो आत आला आणि त्यानं डेलला मागून चांगला जोर लावला. नियम असा, की बाहेरच्याची मदत मिळाली की खेळाडू बाद. डेल बाद झाला.

वर हे परोपकारी महाशय फिनिशपाशी हजर, डेलबरोबर फोटो काढायला. डेल मला म्हणाला, "त्याला म्हणावं, जरा खाली वाक. माझा हात पोचत नाही."

*

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आमच्या ऑफिसात बदलून आलेल्या एका सिनिअर आर्किटेक्टला गाइड व्हायचं होतं. पहिल्या दिवशी स्वारी 'गाइडिंग फ्रेमवर्क'च्या बावीस स्लाइड्स घेऊन आली. मी म्हटलं, आधी एक फेरी मारून दाखवा. पहिल्याच वळणावर साहेबांनी काठी उंच केली आणि म्हणाले, "ऋचा, इकडे."

ऋचा सरळ झाडात गेली. ती उठायच्या आत साहेब तिलाच समजावायला लागले, "पण मी काठी दाखवली होती ना यार."

*

संक्रांतीला मराठी मंडळानं आमचा सत्कार केला. शाल-श्रीफळ मला, ऋचाला चिक्कीचा पुडा. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "दृष्टी नसूनही ही मुलगी बघा कशी सदैव हसतमुख!"

ऋचानं माइक मागून घेतला. "काका, मी हसत नाहीये. दाढेत चिक्की अडकलीय."

रेस तेव्हा तीन आठवड्यांवर आली होती. ती कधी आहे हे तिला एकानंही विचारलं नाही. तुम्हाला केवढं पुण्य लागत असेल, असं मात्र मला तिघी जणींनी ऐकवलं.

*

आता रेसचा किस्सा.

चार किलोमीटरपर्यंत आम्ही वेळेच्या पुढे होतो. मग मोठा उतार आला. खाली एकदम काटकोनात वळण. मागून ऋचा म्हणाली, "मावशी, फास्टर."

मी स्पीकरमध्ये म्हटलं, "पुढे आइस आहे, बर्फ घट्ट गोठलाय, घसरशील. ब्रेक लाव."

तिनं ब्रेक लावला. चार सेकंदांनी टीम हुकली.

फिनिशपाशी तिचे बाबा थर्मास घेऊन उभे होते. "सुनंदाताई, तुम्ही होतात म्हणून पोर धडधाकट खाली आली," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आमच्यामागून सुटलेला डेल आला. त्याच उतारावरून. "काय बर्फ होता आज," तो धापा टाकत म्हणाला, "कापसासारखा. उतारावर मी ब्रेक मारलाच नाही."

ऋचा माझ्याकडे वळली. "मावशी, आइस होता?"

"नव्हता," मी म्हटलं. "मला भीती वाटली." असली लाज मला जन्मात वाटली नव्हती.

ऋचानं हात पुढे करून माझ्या अंगावरचं 'गाइड' लिहिलेलं बिनबाह्यांचं बिब चाचपलं, दोन्ही बाजूंच्या नाड्या सोडल्या आणि ते माझ्या डोक्यावरून काढून घेतलं. त्याची नीट घडी घातली.

"नेक्स्ट इयर नक्की ये, मावशी," ती म्हणाली. "टाळ्या वाजवायला माणसं लागतात."