निंबाची अर्धी सावली

मी चौथी नापास. खरं म्हणजे तिसरीही नापासच, पण तिसरीत मास्तरानं मले पुढं ढकललं, काहून का मी त्याच वर्गात राह्यलो असतो तर त्याले अजून एक वर्ष माहं तोंड पाहावं लागलं असतं. तर न्याय काय, दुसऱ्याची काळजी कशी घ्यावी, हे सारं मी वयाच्या चाळिसाव्या वर्षी शिकलो. अन शिकवणारा होता एक पाणघोडा. टीव्हीतला.

माही पोरगी सात वर्षांची. तिचं कार्टून संध्याकाळी लागे. एक जंगल, त्यात अस्वलाचं पिल्लू, ससा, जिराफ, अजून काही जनावरं. रोज त्यांचं कशावरून तरी भांडण व्हायचं. मंग तळ्यातून हा पाणघोडा डोकं वर काढे, भांडण मिटवे, अन शेवटी आपल्याकडं पाहून म्हणे, "तर मित्रांनो, आज आपण काय बरं शिकलो?" एवढी शुद्ध मराठी आमच्या घरात आधी कधी आली नव्हती. पोरगी दोन महिन्यांत तसंच बोलाले लागली. एक दिवस मी तिच्या ताटातली भजी उचलली तर म्हणते, "बाबा, हे योग्य नव्हे हं."

बायको चुलीजवळून म्हणाली, "हे पुण्याची पाहुणी कोणं आणली जी घरात?"

मी सुरुवातीले पोरगी चूप बसते म्हणून टीव्ही लावून द्यायचो. मंग मीच बसाले लागलो. ठेला लावून आलो का हातपाय न धुता टीव्हीसमोर. मले रडू बी यायचं. एकदा असा भाग होता, का अस्वलाचं पिल्लू आईले कामात मदत करत नाही अन मंग त्याले पस्तावा होते. तेव्हाच नळ आलता. बायको बाहेरून आवाज देऊन राहिली, "अवो, हा ड्रम आत घ्या, माह्यानं नाही उचलत." मी डोळे पुसत म्हणलं, "थांब वं दोन मिनिट, पिल्लू माफी मागून राह्यलं."

तिनं ड्रम एकटीनंच आत ओढला. मी पोरीले म्हणलं, "पाह्यलं, कसं शिकवते."

माहा ठेला धरमपेठेत एका गल्लीत लागते. संत्र्याच्या दिवसात संत्री, उन्हाळ्यात टरबूज. सकाळी कळमन्याच्या बाजारातून माल आणतो, आठ वाजता उभा. दहा वर्षं झाली. तिथं भिंतीले लागून एक मोठा निंब आहे, अन नागपुरात मे महिन्यात ज्याच्या डोक्यावर निंब आहे त्यानं दुसरं काही मागू नये. मी त्या झाडाले आपल्या बापाची इस्टेट समजत होतो. बापानं बाकी काही ठेवलंच नव्हतं.

या वर्षी मार्च सरता सरता एक म्हातारी आली. आधी सीताबर्डीले बसत होती, तिथं गर्दीत तिले जागा उरली नाही. दोन टोपल्या, एक तरटाचा बोरा, एक काळी छत्री जी हवा आली का उलटी होत होती. लिंबू, कैऱ्या, अन पुदिना. आली अन विचारलं, "भाऊ, इथं बसू का गा?"

नाही म्हणायची मले हिंमत नव्हती. समोरच्या बंगल्यातल्या बाई माह्या रोजच्या गिऱ्हाईक, त्या फाटकात उभ्या राहून पाहून राहिल्या होत्या. माही पोरगी बी रविवार म्हणून माह्यासंगं आलती. एवढ्या लोकांसमोर मी वाईट माणूस कसा होऊ. अन आदल्याच दिवशी पाणघोड्यानं शिकवलं होतं: अस्वल अन ससा एका होडीसाठी भांडतात, पाणघोडा बरोबर मधोमध रेघ मारते, अर्धी तुझी, अर्धी माझी.

मी ठेल्याची दोरी सोडली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, दुमडली, अन बरोबर निंबाच्या बुडाजवळ कोळशानं रेघ मारली. म्हणलं, "मावशी, आपल्यात लपवाछपवी नाही. अर्धी जागा तुमची, अर्धी माही. अन तुम्ही मोठ्या, तर सावलीची बाजू तुम्ही घ्या. मी उन्हात उभा राहतो."

सकाळचे आठ वाजले होते. सावली सारी त्या बाजूले पडली होती, मी दाखवली त्या. म्हातारीनं वर झाडाकडं पाह्यलं, खाली रेघेकडं पाह्यलं, अन टोपल्या ठेवल्या. बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, "किती चांगला आहे हो हा माणूस." मी मान खाली घातली. लाजून नाही. हसू येऊन राह्यलं होतं.

आता ज्याले समजलं नसन त्याच्यासाठी सांगतो. सकाळी सूर्य माह्या टोकाले असते, तर सावली तिच्या टोकाले. दहा-अकरा वाजेपर्यंत ऊन कोणाले लागते? कोणालेच नाही. बारा वाजता सावली झाडाच्या बुडाशी येते, अन तिथून ते पाचपर्यंत, जेव्हा डांबर चपलेले चिकटते, तेव्हा सारीच्या सारी सावली दुसऱ्या बाजूले. माह्या. हे मले दहा वर्षांपासून माहीत होतं. दोरीनं मोजलेलं अर्धं, एक बोट इकडंतिकडं नाही. चौथी नापास माणसाच्या हातून एवढा बारीक हिशोब पहिल्यांदाच झाला होता, अन कोणाले सांगताही येत नव्हता.

पोरगी त्या दिवशी घरी गेली ते उड्या मारतच. आईले सांगतलं, मास्तरणीले सांगतलं, का माह्या बाबानं आजीले सावली देल्ली. मंग तिनं एक चित्र काढलं. निंबाचं झाड, एक म्हातारी, अन ठेल्यामागं उभा एक पाणघोडा. त्याले मिशा होत्या.

बायकोनं चित्र हातात घेतलं. "पोटावरून तर लगेच ओळखू येते," म्हणाली. "बाकीचं मले काही पटत नाही."

पोरीनं ते चित्र ठेल्याच्या दांडीले पिना लावून टांगलं. गिऱ्हाईक विचारे, हे काय? मी सांगायचो. पूर्ण सांगायचो, होडीपासून. टरबूज घ्याले आलेल्या माणसाले मी न्यायावर भाषण द्यायचो, सावलीत उभं राहून, अन दहा हातांवर म्हातारी ओला बोरा डोक्यावर घेऊन बसलेली. दोन वाजेपर्यंत तिचा पुदिना चहापत्तीसारखा व्हायचा. तीन वाजता ती स्वतः. मी मधून मधून आवाज द्यायचो, "मावशी, पाणी पीत राहा." काळजी घ्यावी, हे बी पाणघोड्यानंच शिकवलं होतं.

मे लागला, शाळेले सुट्ट्या लागल्या, अन पोरगी रोज माह्यासंगं याले लागली. माह्याजवळ बसायचीच नाही. म्हातारीजवळ बसे. म्हातारी तिले कैरी कापून मीठ-तिखट लावून दे, अन कपाशीच्या वावरातल्या गोष्टी सांगे. मी म्हणायचो, "इकडं ये वं, ऊन लागन." ती म्हणायची, "आजी एकटी आहे ना."

त्याच आठवड्यात कार्टूनात दुसरा भाग लागला. थंडी पडली, जिराफ अन ससा यांच्यात एकच चादर. दोघं चादर बरोबर अर्धी अर्धी फाडतात. ससा आपल्या अर्ध्यात तीन वेढे गुंडाळून घोरते, अन जिराफाचे फक्त गुडघे झाकले जातात. रात्रभर कुडकुडते बिचारा. मले लगेच समजलं गाडी कुठं चालली. तळ्यातून पाणघोड्याचे कान वर आले, तोच मी रिमोट उचलला अन क्रिकेट लावलं.

पोरगी म्हणाली, "बाबा, पाणघोडा बोलणार होता."

"तो रोजच बोलते," म्हणलं. "मॅच पाहू दे."

बायको दारात उभी होती. "मॅच संपून गेली, हा जुना सामना आहे," म्हणाली, अन माह्याकडं असं पाह्यलं जसं का मी टरबूज आहे अन ती मले ठोकून पाहून राहिली. पण ते कार्टून दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागते, हे मले माहीत नव्हतं. मी कळमन्याले गेलतो तेव्हा पोरीनं सारा भाग पाह्यला.

त्याच दुपारची गोष्ट. पोरीनं सकाळी आपला मेणाच्या रंगीत खडूंचा डबा म्हातारीच्या टोपलीजवळ उघडा ठेवला होता. दुपारी जेवून आली अन तिनं चित्राची वही काढली. डबा पाह्यला तर लाल, निळा, हिरवा, साऱ्यांचं मिळून एक ढेकूळ झालं होतं. रडली नाही. ते ढेकूळ घेऊन माह्याकडं आली.

"बाबा, मी सावलीत ठेवला होता."

"उन्हात ठेवला असशीन बाई."

"नाही. सकाळी तिथं सावली होती." तिनं म्हातारीकडं पाह्यलं, मंग माह्या पायाकडं. मी निंबाच्या गार सावलीत एका पायावर भार देऊन उभा होतो, जसा रोज असतो. "आता इथं आहे."

म्हणलं, "सावली काय माही नोकर आहे? ती सरकते. मी काय करू?"

"रोज सरकते?"

मी टरबुजावरून फडकं फिरवलं. अजून एकदा फिरवलं.

"तुले माहीत होतं?"

मी तोंड उघडलं, पण मी बोलायच्या आत म्हातारी बोलली. तिकडूनच, बोऱ्याखालून. "त्याले कसं माहीत असन बाई. तुहा बाबा इथं दहा वर्षांपासूनच तर उभा आहे."

मी म्हातारीकडं वळलो. मले वाटलं होतं का ती भोळी आहे. "मावशी, तुम्हाले समजलं होतं?"

"सारी जिंदगी वावरात निंदण केलं मी," ती म्हणाली. "सूर्य कुठून निघते अन कुठं जाते, हे मले तुह्या दोरीनं समजणार होतं काय गा?"

"मंग त्या दिवशी बोलल्या काहून नाही?"

तिनं पुदिन्यावर पाणी शिंपडलं. "नवी जागा होती. पहिल्या दिवशी भांडली असती, तर दुसऱ्या दिवशी तू बसू देल्लं असतं?"

मी विचार केला. खरं उत्तर काय आहे ते मले माहीत होतं, अन ते त्या दोघींनाही माहीत होतं. म्हातारी रोज मले लोकांसमोर पाणघोडा होताना पाहून राहिली होती, अन मी तिले भोळी समजून राह्यलो होतो. दीड महिना. टरबुजाले बी एवढं कमी डोकं नसते.

पोरगी टाचा उंच करून उभी राहिली, दांडीवरच्या पिना एक एक काढल्या, चित्राची घडी केली अन आपल्या वहीत ठेवली. मंग परत जाऊन म्हातारीजवळ बसली. उन्हात.

त्या संध्याकाळी मी तिले म्हणलं, "चल, कार्टून पाहू." ती म्हणाली, "तू पाहा." मी एकट्यानंच पाह्यलं. पाणघोड्यानं विचारलं, आज आपण काय बरं शिकलो, अन मी पहिल्यांदा टीव्ही बंद केला.

बायकोनं विचारलं, "काय झालं, पाणघोडा मेला काय?"

मी तिले सारं सांगतलं. ती हसली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "टरबुजाले सावलीची काय गरज? ते ज्या वावरात झालं तिथं झाड होतं काय? पुदिन्याले पाहिजे. अन म्हातारीले." मंग भाकर उलटवत म्हणाली, "अन तुम्हाले डोक्यावर ओला दुपट्टा बांधता येते. ड्रम उचलता येत नाही, पण दुपट्टा येते."

दुसऱ्या दिवशी मी बादली अन फडकं घेऊन गेलो, कोळशाची रेघ घासून पुसली. म्हातारीले म्हणलं, "मावशी, बारा वाजले का तुम्ही तिकडं, मी इकडं. सारी दुपार सावली तुमची."

मले वाटलं ती आशीर्वाद देईन. ती म्हणाली, "अन टोपल्या कोण उचलन?"

बारा वाजता मी टोपल्या उचलल्या. लिंबाची, कैऱ्यांची, मंग बोरा, मंग छत्री. मंग ठेला फिरवला. टरबुजांनी भरलेला ठेला अर्ध्या जागेत फिरवणं म्हणजे बैल गोल करण्यासारखं, एक चाक निंबाच्या मुळीवर चढलं अन एक टरबूज खाली पडून फुटलं. म्हातारी सावलीत बसून पाहून राहिली होती. तिनं विळी काढली, टरबुजाचे तुकडे केले. मधला लाल गाभा पोरीले, त्याच्या बाजूचा स्वतःले, अन सालीजवळचं पांढरं माह्यासमोर सरकवलं. मी पोरीकडं पाह्यलं. ती म्हणाली, "बरोबर आहे." मी खाल्लं.

तेव्हापासून रोज बारा ते पाच मी उन्हात असतो. एक दिवस बंगल्यातल्या बाई बाहेर आल्या. "अरे, आज तुम्ही उन्हात? अन त्यांना सावली? किती मोठं मन हो तुमचं."

जिभेवर सारं तयार होतं. जिराफ, चादर, गरज, सारं. एवढं चांगलं भाषण मी आधी कधी केलं नसतं. म्हातारी पुदिन्याच्या जुड्या बांधून राहिली होती, तिचे हात थांबले. पोरीनं वहीतून मान वर केली.

मी म्हणलं, "बाई, टरबूज घ्या. गोड आहे."

पोरीनं मान परत खाली घातली. चित्र अजून त्या वहीतच आहे. मी विचारत नाही. दांडीवरची पिनांची चार भोकं तशीच आहेत, अन मी ती बुजवली बी नाही.