वीस मणांतले सहा मण

आमचं शेत अकोटजवळ. थोरले भाऊ ते कसायचे, मी अमरावतीच्या शाळेत मास्तर होतो. त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि जो तो लांब धाग्याच्या बनी कापसात आखूड धाग्याची स्वस्त जरी मिसळत होता. भाऊंनी मात्र नुसती बनीच पेरली. घरात जागा नव्हती, म्हणून वेचलेला वीस मण कापूस शेजाऱ्याच्या कोठीत ठेवला. पुढे परत आणला तेव्हा वजन बरोबर वीस मणच भरलं. हातानं फिरवायच्या रेच्यावर सरकी काढून रुई अकोल्याला नेली, तर दलालानं चिमटीत धागा ओढून पाहिला आणि म्हणाला, "जरी मिसळली."

भाऊ संतापून घरी आले. मी सुट्टीत आलोच होतो.

"रुई किती निघाली?" मी विचारलं.

"दोनशे चोवीस शेर. निऱ्या बनीची मणाले दहा शेर निघते, जरीची चौदा. चोरलं त्या शेजाऱ्यानं, पण किती चोरलं कोन सांगन?"

मी पाटी घेतली. बनीचे मण य, जरीचे र. दोन्ही मिळून वीस. दहा य आणि चौदा र मिळून दोनशे चोवीस. पहिल्या ओळीला दहानं गुणून ती दुसरीतून वजा केली. य गेला, उरलं चार र बरोबर चोवीस.

"सहा मण जरी, चौदा मण बनी," मी म्हणालो.

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "तू तं अमरावतीले होता. मंग तुले सहाच कसं मालूम? त्यानं सांगतलं का तुले?"

मी पाटी पुढे केली, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सख्ख्या भावानं चोराचा साथीदार ठरवावं, हे मला फार लागलं. शेवटी वहिनी मधे पडल्या. "आपन पाहू ना," म्हणाल्या. गावातून दोन्ही जातींचा थोडा कापूस मागवून आतल्या खोलीत त्यांनी तो मोजून मिसळला, सरकी काढली आणि मला फक्त एकूण कापूस आणि रुईचं वजन सांगितलं. मी दोन्ही आकडे काढले.

"बराबर हाय," वहिनी म्हणाल्या.

भाऊ तडक शेजाऱ्याकडे गेले. मी मागोमाग. "माही सहा मण बनी काढ," ते म्हणाले.

शेजाऱ्याचं तोंड उतरलं. "कोनं पाह्यलं?"

आठ दिवसांत त्यानं सहा मण बनी आणून टाकली. भाऊंनी मला शाबासकी दिली नाही. वहिनींना मात्र म्हणाले, "याच्यापासून जरा जपूनच राहा. न पाहता समजते याले."