पडला नाही, उतरला

सुपारीच्या बागेत उडता सरडा माझ्यासोबत काम करणाऱ्या दामूअण्णांच्या खांद्यावर येऊन बसला आणि अण्णा किंचाळलेच. "अंगावर पडला! आता आपल्यापैकी कुणाच्या तरी घरचं माणूस जाणार!" त्यांनी झटकल्यावर तो शेजारच्या खोडाला चिकटला. लगेच अण्णांनी काठी उचलली.

मला संतापच आला. पडला कुठे? समोरच्या झाडावरून त्याने उडी घेतली, छत्रीच्या काड्यांसारख्या बरगड्या पसरल्या, त्यांवरची कातडी ताणली आणि तो तरंगत आला. अण्णा निश्चल उभे होते, त्यांना झाड समजला असेल बिचारा. स्वतःच्या बरगड्या उघडून हवेत झोकून देणाऱ्याला आपण 'पडला' म्हणायचं? सातवीतून शाळा सोडून मी इतक्या लांब कामाला आले, तेव्हा माझ्याबद्दलही गावात हाच शब्द होता. या बागेने मला पोटाला दिलं, उपकारच आहेत तिचे. मग तिच्याच झाडावर मुंग्या खाऊन जगणाऱ्याला मारू कसं देऊ?

मी काठी धरली. "मारायचं नाही, अण्णा."

"तुझीच आई आजारी आहे ना गं? आणि तू याची बाजू घेतेस?"

मी काठी सोडली नाही. तेवढ्यात तो सरसर शेंड्याकडे निघून गेला. अण्णा पुटपुटत आंघोळीला गेले. मी आडोशाला जाऊन घरी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

"उचल गं आई," मी म्हटलं. "उगाच अण्णांचं खरं करू नकोस."