खळ लागलेली पट्टी

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, हवामानाच्या नोंदी घेतात. सव्वीस वर्षांत एक नोंद चुकलेली नाही. अंगणाच्या कडेला पांढरी पेटी आहे, तिच्यात दोन तापमापक. एकाच्या टोकाला मलमलीची पट्टी. ती वाटीतलं पाणी ओढून ओली राहते, पाणी वाळतं तसा पारा उतरतो. दोन्ही पाऱ्यांत फरक जितका कमी, तितकी हवा दमट.

पावसाळ्यात डोंगरापलीकडे सगळं चिंब, आमच्याकडे नुसते ढग नि कोरडा वारा. यंदा मात्र भावजींच्या वहीत एकाएकी फरकच उरला नाही. मुख्य कचेरीतून फोन आला, "नकाशावर या बाजूचं तुमचं एकटंच गाव भिजलेलं दिसतंय. चष्मा बदला."

आमचे हे म्हणाले, "आता होडी घ्यायला हवी."

भावजी हसले नाहीत. तीनतीनदा पारा बघायचे. जेवताना मध्येच उठून पेटीपाशी जायचे. आठव्या दिवशी माझ्यापुढे कागद धरला. "वहिनी, शुद्धलेखन तेवढं बघा." नजर साथ देत नाही, कामातून मोकळं करावं, असा अर्ज होता.

माझा जीव थाऱ्यावर राहिना. देवापुढे बसले तरी लक्ष पेटीकडेच. भाजीत घालायला मिठाची बरणी उघडली, तर मीठ वाळूसारखं मोकळं. हवा दमट असती तर त्याचा गोळा झाला असता. खिडकीतून दोरीवरचे कपडे दिसले. यांच्या सदऱ्याची कॉलर खळीने पुठ्ठ्यासारखी झालेली. आणि एकदम आठवलं. भावजींनी धुवायला दिलेल्या नव्या पट्ट्याही मी सदऱ्यांबरोबर खळीत बुडवल्या होत्या. नेटक्या दिसाव्यात म्हणून.

देवाला सांगण्याआधी भावजींना सांगणं भाग होतं. "तुमचे डोळे ठीक आहेत. मी पट्ट्यांना खळ घातली."

ते तसेच पेटीकडे गेले. पट्टीला बोट लावलं. कडक, कोरडी. खळीमुळे तिने वाटीतलं पाणी ओढलंच नव्हतं. इतके दिवस पाऱ्याकडे बघत राहिले, पट्टी चाचपायचं सुचलंच नव्हतं. जुनी पट्टी बांधली. थोड्या वेळात पारा सहा अंश उतरला.

मग वही घेऊन बसले. आठ दिवसांवर लाल रेघ मारली. "कारण काय लिहू?"

"माझ्यामुळे झालं, असं लिहा."

"छे. 'घरातली टापटीप' लिहितो."

अर्ज फाडायला माझ्या हातात देऊन ते जेवायला बसले. दोन घास झाले आणि उठलेच. पट्टी ओली आहे का, बघायला.